चिंचेपाशी खाकरणारी गाडी

प्रिय दादा,

तुझ्या गाडीची चावी गुरुवारपासून माझ्याकडे आहे. ती कशी आली हे तुला कळवल्याशिवाय मी ती वापरणार नाही, आणि कळवायला दुसरा मार्ग नाही. म्हणून हे पत्र. गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यांना मी जन्मभर नावं ठेवली. हस आता!

आधी वहिनींचं सांगते. वर्षभर त्या एकच वाक्य बोलत होत्या: "माझ्या सीताफळांनी घात केला." तू गेलास त्या दुपारी त्या सहज म्हणाल्या होत्या की खुलताबादच्या रस्त्याला सीताफळं आली असतील. आणि तू कोर्टातून आलास तसाच, काळा कोटही न काढता, गाडी काढून निघालास. घाटमाथ्यावर, त्या लहानशा दर्ग्यासमोरच्या चिंचेखाली गाडी उभी सापडली. तू आत होतास. डॉक्टर म्हणाले, हृदय.

पण गाडी तिथं उभी का होती? आठवडाभर आधी जेवताना तू म्हणाला होतास, "हल्ली जरा खाकरतेय ती." तेवढंच! एक टोपण उघडून बघ म्हणून मला सांगायला तुझं काय जात होतं? त्या एका वाक्यावरून वहिनींनी सगळं रचलं. गाडी बंद पडली, भर उन्हात तू ती एकट्यानं ढकललीस, छातीत कळ आली. कशासाठी? तर सीताफळांसाठी.

मी म्हणायची, "असं काही नाही, वहिनी." त्या म्हणायच्या, "कशावरून?" चाळीस पोरींना फिजिक्स शिकवणारी बाई, आणि घरातल्या एका माणसाला उत्तर देता येईना.

आणखी एक गोष्ट होती. तू डाव्या सीटवर सापडलास. स्टिअरिंग उजवीकडे आणि तू डावीकडे. ज्या ट्रकवाल्यांनी तुला पाहिलं, त्यांनीच हवा लागावी म्हणून सरकवलं असेल, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं.

तेरावं झालं आणि वहिनी म्हणाल्या, "वन्सं, मला त्या चिंचेपाशी न्या." मी नेलं. गाडीत जागा दोघांचीच, त्यामुळे घरचं दुसरं कोणी नव्हतं. दौलताबादचा घाट गाडी सुरेख चढली. वर आलो. तुला ती जागा माहीत आहे. घाटात वारा असतो, आणि चिंचेपाशी आलं की एकदम थांबतो. दर्ग्यावरची हिरवी चादर हलत नव्हती. भर दुपारी एकही पाखरू बोलत नव्हतं. नेहमीप्रमाणे मी वेग कमी केला, हात कपाळाला लावला. चिंचेची सावली बॉनेटवर आली, आणि गाडी खाकरली.

दोनदा कोरडं. मग एक खोल.

दादा, तू फाटकातून आत येताना असाच खाकरायचास. आत बायका बसल्या असतील तर त्यांना कळावं म्हणून. ते ऐकून वहिनी चहाचं आधण ठेवायच्या. माझ्या मानेवर काटा आला. वहिनी मात्र शांतपणे दाराकडे सरकून बसल्या, मध्ये कुणाला तरी जागा करून द्यावी तशा. पदर नीट केला आणि म्हणाल्या, "आले."

पुढे दर गुरुवारी तेच! चावी वहिनींच्या पदराच्या गाठीत. निघताना सोडून मला द्यायच्या, परत आलं की हात पुढे करून मागून घ्यायच्या. चिंच आली की गाडी खाकरायची, त्या "आले" म्हणायच्या, आणि दहा पावलं पुढे गेलं की गाडी पुन्हा सुरळीत. घरी आल्यावर रडायच्या. "बोलावतात आणि सांगत काही नाहीत. माझ्यावर रागावलेत."

माणूस असा वर्षभर जगू शकत नाही. त्या निम्म्या झाल्या होत्या. सीताफळाची टोपली दारावरून गेली तरी खिडकी लावून घ्यायच्या. तेव्हा मी ठरवलं की गाडी नक्की कशी बिघडली आहे हे काढायचं. ती त्या दिवशी बंद पडू शकली असती का? एवढ्याचंच उत्तर मला हवं होतं, कसंही निघो.

तुझाच नियम लावला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि रस्त्यावर जाऊन बघायचं. प्लग बदलले. चिंचेपाशी खाकरली. पॉइंट घासले, मग नवे घातले. खाकरली. कंडेन्सर बदलला. पेट्रोलची टाकी उतरवून धुतली, नळी फुंकली. गावात तासभर फिरवा, हर्सूलच्या तळ्यापर्यंत जाऊन या, ठोका चुकत नव्हता. चिंच आली की खाकरणार! सतत असणारा दोष सापडतो, दादा. हा अंगात येणाऱ्या देवासारखा होता. बघायला बसलं की गायब.

शेवटी शहागंजच्या दुकानातून तुझ्या गफारभाईंना बोलावलं. ते मोटारीचे सुटे भाग विकतात, पण कान त्यांचे चांगले आहेत. त्यांनी चालवली. तुझ्यासारखाच चिंचेपाशी सलाम केला. गाडी खाकरली. त्यांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"बाई, अब इंजन को हात नक्को लगाओ."

"का?"

"वकीलसाब यहाँ सलाम करते थे. अब गाडी करती है. इसमें मिस्त्री क्या करेगा?"

"गफारभाई, तुम्ही चाळीस वर्षं स्पेअर पार्ट विकले!"

"हौ. इसका पार्ट मेरे पास नै."

आणि मग पुण्याचे एक गृहस्थ आले. जुन्या गाड्यांचे शौकीन. तुझी हिरवी गाडी त्यांनी कधीतरी पाहिली होती, ती देता का म्हणून विचारत आले. पोलीस ॲक्शननंतर जहागिरी गेली तरी नवाबाच्या धाकट्या मुलाची ऐट गेली नव्हती, त्यानं ही गाडी विलायतेहून आणली आणि पुढे तुझ्या गळ्यात मारली, ही कथा त्यांनी मलाच ऐकवली. मी म्हटलं, आधी घाटावर चालवून बघा, एक खोड आहे. मी डावीकडे बसले. घाट चढला. चिंच आली.

काही नाही! गाडी बाणासारखी निघून गेली. परत फिरवली, पुन्हा खालून आणली. काही नाही.

"अहो बाई, इंजिन ठणठणीत आहे. पुष्कळदा दोष चालवणाऱ्याचा असतो. बायकांना जरा..."

त्यांना मी चहा न विचारता वाटेला लावलं. वाईट हे, की ते निम्मे बरोबर होते.

घरी वहिनींना सांगितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर वर्षात पहिल्यांदा रंग आला. "परक्याशी कशाला बोलतील ते?" गफारभाई ओट्यावर बसले होते, त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. खोटं कशाला सांगू, दादा, त्या क्षणी मी घाबरले. घरच्यांना ओळखणारं यंत्र मी पुस्तकात वाचलं नव्हतं. गाडी अंगणात उभी होती. इंजिन निवताना लोखंड टिक टिक वाजतं, रोजच वाजतं. त्या दिवशी मला ते कुणी बोटांनी वाजवतंय असं वाटलं. मी दार लावून घेतलं.

मग भाकरी थापताना माझ्या पायाची आठवण झाली.

त्या गृहस्थांनी चिंच ओलांडली तेव्हा माझा उजवा पाय वर उचलला गेला होता. डाव्या सीटवर, जिथं पेडलच नाही तिथं! त्यांनी पाय उचलला नाही. त्यांना काय माहीत तिथं कुणाला सलाम करायचा असतो? तुझा ना देवावर विश्वास ना पीरावर, पण "शेजाऱ्याला सलाम न करता पुढे जायचं नाही" हा तुझा कायदा. घाट दाबून चढायचा, चिंचेपाशी पाय पूर्ण उचलायचा, हात कपाळाला लावायचा, आणि मग पाय हलकेच परत टेकवायचा. तू मला तसं शिकवलंस. गफारभाई तुझ्या शेजारी बसून तसं शिकले. आपण तिघंच ती गाडी चालवायचो आणि तिघंही तिथं पाय उचलायचो. म्हणून ती घरच्यांनाच ओळखत होती.

हलका पाय! गाडी दाबून चालवली की इंजिनची ओढ वेगळी असते. पाय हलका असला की इंजिन एका बारीक नळीतून हवा ओढतं, आणि ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या आतली तबकडी थोडी फिरते. त्या तबकडीला एक बोटभर तार असते, सुती वेष्टणातली. तबकडीबरोबर ती वाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपण काढलं. तार बाहेरून शाबूत. बोटांनी दाबली, तर आत पोकळ. घाट चढून तापली आणि वाकली, की तुटणार. पाय दाबला की सरळ होऊन जुळणार.

पण मला पुरावा हवा होता, आणि तो वहिनींच्या डोळ्यांदेखत हवा होता. इंजिन चालवून घाटाइतकं तापवलं आणि त्यांना अंगणात बसवलं. त्या तारेतून वीज जाते की नाही हे दिसावं म्हणून मध्ये एक लहान दिवा जोडला. बॅटरी लावली. दिवा लागला. मग ती बारीक नळी काढून मी तोंडात धरली आणि इंजिन ओढतं तशी हवा ओढली.

श्वास आत घेतला, दिवा विझला. सोडला, लागला. पुन्हा घेतला, विझला.

त्या उजेडाकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं की मी श्वास रोखून धरला आहे. दिवा विझलेला. अंगणात कसलाही आवाज नाही. मला नळी सोडवेना. का, ते सांगता येत नाही.

"वन्सं," वहिनी उठून उभ्या राहिल्या. "थांबू नका. श्वास घ्या. अहो, श्वास घ्या!"

मी सोडला. दिवा लागला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तार गफारभाईंनी जुन्या डिस्ट्रिब्यूटरमधून काढून आणली. मी कथलाचा डाख देऊन बसवली. गुरुवारी निघालो. घाट चढलो. मी मुद्दाम पाय पूर्ण उचलला, सलाम केला, पाय हलकेच टेकवला. सावली बॉनेटवर आली आणि निघून गेली. इंजिन एका सुरात.

वहिनी दाराकडे सरकून बसल्या होत्या. जागा करून. मग म्हणाल्या, "गेले."

दादा, तू दुसऱ्यांदा गेलास आणि या वेळी तुला मी घालवलं होतं. मी गाडी वळवून चिंचेखाली आणली, बंद केली, आणि वर्गात सांगते तसं सांगितलं. "वहिनी, नीट ऐका. या बिघाडानं गाडी बंद पडत नाही. पाय दाबला की जुळते. दादा आठवडाभर तशीच चालवत होता. त्यानं गाडी ढकललेली नाही. सीताफळांचा काही संबंध नाही."

"मग थांबले का?"



तेवढ्यात चिंचेच्या पलीकडून एक बाई टोपली घेऊन आली. सीताफळं विकणारी, वयानं आपल्याएवढीच. हंगामापुरती तिथं बसते, एरवी गावाकडे. तिनं गाडी पाहिली आणि जागीच थांबली.

"ही वकीलसायबाची गाडी नव्हं?"

"हो. मी त्यांची बहीण. या त्यांच्या मंडळी."

तिनं टोपली खाली ठेवली. "गेल्या साली म्या हितंच व्हते. त्यांनी गाडी नीट सावलीला लावली. उतरले. पुढनं वळसा घालून, गाडीवर थाप मारून, ह्या अंगाला येऊन बसले. टोपी डोळ्यावर घेतली. म्या म्हणलं, सायब, सीताफळं? म्हणले, पिकलेली बघून ठेव. म्या म्हणलं, डायवर हाय का कोनी? तर म्हणले, व्हय. येईल ती आता."

"ती?" वहिनींनी विचारलं.

"ती, असंच म्हणले. म्या लई वाट बघितली. कोनीच आलं नाय. मंग पाणी घेऊन गेले, तर हाक मारली तरी उठनात. रस्त्यावर जाऊन टरक थांबवला. त्यांनी दुरूनच बघितलं, हात नाय लावला कुनी. कोन येनार व्हतं, बाई?"



बी.एस्सी. होऊन मी हैदराबादहून परत आले त्या वर्षी तू मला इथंच गाडी शिकवलीस. घाट तू चढवायचास, चिंचेखाली थांबायचास, उतरून बॉनेटवर थाप मारायचास, वळसा घालून डावीकडे बसायचास, टोपी डोळ्यांवर ओढायचास. "चल, आता तू घे." मी उजवीकडे सरकायची. शिकणं संपलं तरी ती रीत राहिली. कुठंही निघालो तरी चिंचेपर्यंत तू, पुढे मी. मला आधी कळायला हवं होतं ना? डावी सीट! पण तिथं कोणीतरी तुला सरकवलं असं धरून बसलो की पुढचं दिसत नाही.

छातीत कळ आली, तू घाट पुरा केलास, गाडी सावलीत लावलीस, आणि उरलेला रस्ता माझ्यावर सोपवून बाजूला बसलास. अरे पण बोलावल्याशिवाय कोण येणार होतं, वेड्या? कुणाकडून निरोप धाडलास? की मी शेजारीच आहे असं तुला वाटत होतं? त्या वेळी तुला उजवीकडे कोण दिसत होतं, दादा?

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सांगावं लागलं नाही. आपली रीत त्यांनाही माहीत होती. त्यांनी टोपलीतून एक सीताफळ उचललं, मांडीवर ठेवून फोडलं, आणि खाल्लं. सावकाश, एकेक बी तळहातावर काढत. वर्षानं! अर्धं मला दिलं. आम्ही चिंचेखाली बसून ते संपवलं.

पुढे निघालो. सपाट रस्ता, माझा रस्ता. पाय स्थिर होता, तार बदललेली होती. आणि थोडं पुढे गेल्यावर एक ठोका चुकला. एकच, खोल.

"अडली का?" वहिनींनी विचारलं.

"दगड आला," मी म्हटलं.

रस्ता नवीन डांबराचा होता. मी टोपण पुन्हा उघडलेलं नाही आणि उघडणारही नाही. वहिनी या खेपेला दाराकडे सरकल्या नाहीत.

घरी येऊन नेहमीप्रमाणे चावी पुढे केली. त्यांनी हात पुढे केला नाही. "राहू द्या, वन्सं. ते तुमच्याकडेच देऊन गेले." आणि आत जाऊन चहा टाकला.

आता माझा शब्द. पुण्याला नकार कळवला आहे. गाडी घरातच राहील आणि चिंचेपाशी माझा पाय उचलला जाईल. पण पुढच्या गुरुवारपासून मी तिथं थांबणार, उतरणार, बॉनेटवर थाप मारून वळसा घालणार आणि डावीकडे बसणार. वहिनींना म्हणणार, "घ्या आता तुम्ही." कालच सांगून ठेवलं. "माझं वय काय, वन्सं! लोक काय म्हणतील?" म्हणाल्या. मी म्हटलं, रस्ता सपाट आहे आणि लोकांना सीताफळं देऊ. त्या हसल्या, दादा. तुझ्यामागं पहिल्यांदा. मी टोपी डोळ्यांवर ओढणार नाही, एवढं मात्र नक्की. कुणीतरी रस्त्याकडे बघायला हवं.

तुझी,
कुमुद

खाली दिल्याघेतल्याची नोंद, वकिलाच्या घरात असावी तशी. वहिनींकडून मला: गाडीची चावी. माझ्याकडून वहिनींना: जुनी तार, ती त्यांनी कुंकवाच्या करंड्यात ठेवली. गफारभाईंना: तुझी टोपी, त्यांनी मागून घेतली. चिंचेखालच्या बाईला: तुझा काळा कोट, तिथं थंडीत वारा लागतो. तुझ्याकडून मला: चिंचेपासून पुढचा रस्ता. उशिरा, पण मिळाला.